विसराळू माश्यांची बाटली
स्मरणशक्ती ही सृष्टीची सर्वोच्च देणगी आहे, असं आमचे सर पाहुण्यांना गंभीरपणे सांगत आणि मग त्यांना फळमाश्या दाखवत. परवा इंदिरानगरात कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून मक्याचं पीठ गुळात शिजल्याचा वास आला आणि प्रयोगशाळेतली एक सकाळ आठवली, कारण माश्यांचं जेवण आम्ही असंच शिजवत असू. आमची सीनियर, सगळ्यांची अक्का, हिने मेंदूची घडण ठरवणारं एक जनुक बिघडलेल्या माश्यांचा वंश वर्षानुवर्षं जपला होता. ज्या वासाबरोबर विजेचा झटका बसे, तो वास साध्या माश्या पुढे टाळत. अक्काच्या माश्या विसरून पुन्हा तिकडेही जात. त्या सकाळी मात्र त्यासुद्धा शहाण्यासारख्या त्या वासापासून दूर वळल्या. "एखादा धडधाकट नर बाटलीत शिरला असणार," अक्का स्टुलावर बसत म्हणाली, "पोरं बापावर गेली. माझी पीएचडी संपली." मी म्हणालो, "पण याच वंशाची जोडीची बाटली तू दुसऱ्या लॅबमध्ये ठेवली होतीस ना?" "ठेवली होती रे. कुणाकडे, तेच आठवत नाही." आम्ही प्रत्येक मजल्यावर विचारत फिरलो. शेवटी गच्चीखालच्या लॅबमधले अण्णा त्यांच्या कानडी वळणाने "स्वल्प थांबा" म्हणाले आणि त्यांनी कपाटातून बाटली काढली. तिच्यावर अक्काचंच अक्षर होतं. पुढे त्या माश्यांची पिल्लं झटका खाऊनही त्याच वासाकडे निघाली, तेव्हा अक्काला रडू आलं. हल्ली ती स्मृतीवर व्याख्यानं देते. गेल्या वर्षी भेटली, तेव्हा तिला यातलं काहीच आठवत नव्हतं.