सड्यावरची रात्र आणि परळचं घड्याळ

“काका, ही रात्र डिलीट करू ना?” रेणुकाने विचारलं.

मी रिटायर झालोय. जुने फॉरमॅट मला कळतात, म्हणून डेटा नव्या सर्व्हरवर नेताना परळच्या ऑफिसात बोलावलं होतं. रेणुका आता तिथली हेड. स्क्रीनवर कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, दुर्बिणीची एक जुनी रात्र होती. तिच्यावर शेरा होता, ‘ऑब्झर्व्हर एरर’. चुकीचा डेटा पुढे न्यायचा नाही, असा नियम.

“थांब जरा,” म्हणून मी ती रात्र चालू केली.

बाहेर भर दुपार होती. पडदे ओढलेले, एसीची घरघर. समोर तारे सरकत होते, इतके सावकाश की खुर्चीसकट आपणच वाहतोय असं वाटावं. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.

त्या रात्री एक लघुग्रह एका ताऱ्याच्या आड येणार होता. तारा क्षणभर विझतो आणि पुन्हा पेटतो. ठिकठिकाणच्या दुर्बिणी त्या वेळा टिपतात. त्या जुळवल्या की कोणी जवळून न पाहिलेल्या दगडाचा आकार हळूहळू उमटतो. सगळी मदार घड्याळावर. बाकीच्या केंद्रांना सॅटेलाइटकडून वेळ मिळे. सड्यावरचा रिसीव्हर बिघडलेला, म्हणून ते केंद्र परळच्या टाइम सर्व्हरला, म्हणजे ऑफिसातल्या मशीनना वेळ सांगणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरला, विचारी.

सड्यावर सुजाता होती. भोईवाड्याची, आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर. तिची वेळ कोणाशीच जुळेना. दगडाला भलतीकडेच कोपर फुटलं. “पोरीचं लक्ष नव्हतं,” साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. मी त्याच टेबलाशी बसलो होतो.

“रेणुका, हा एरर तिचा नाही. माझा आहे.”

त्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारांच्या पूजेचा दिवस. माझे वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. पूजेला साचा थांबवायचा, पुसायचा, हळदकुंकू वाहायचं. राबणाऱ्या मशीनलाही विश्रांती हवी, असं ते म्हणत. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या मला यात वावगं काही वाटलंच नाही. मी टाइम सर्व्हर बंद केला, पुसला, झेंडू वाहिला आणि पुन्हा चालू केला. पुसताना मागची अँटेनाची केबल सैल झाली. सॅटेलाइटशी संपर्क तुटला आणि सर्व्हर आतल्या बॅटरीवरच्या, मागे पडलेल्या घड्याळावर चालू लागला. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर केबल दिसली. मी ती घट्ट केली आणि गप्प बसलो. लोक हसतील, एवढीच भीती होती.

“काका, टाइम सर्व्हरची पूजा?”

“हो.”

“नारळपण फोडला?”

“तो बाहेर, जिन्यात.”

ती हसली, मग गंभीर झाली. “पण घड्याळ किती मागे होतं, ते आता कसं कळणार? पुराव्याशिवाय शेरा बदलता येत नाही.”

“ताऱ्यांना विचारू.”

दुर्बिणीसोबत एक कॅमेरा होता, जागच्या जागी पक्का बसवलेला. कुठल्या क्षणी कुठला तारा त्याच्यासमोर कुठे असणार, हे गणिताने काढता येतं. चित्रावर छापलेल्या वेळेला तारा असायला हवा होता एकीकडे, दिसत होता थोडा पुढे. हा फरक म्हणजेच घड्याळाची चूक. रात्रभरातली कुठलीही चित्रं घेतली तरी तेवढेच सेकंद निघाले. तेवढे मिळवले आणि दगडाचं कोपर आत गेलं.

सुजाता आता भायखळ्याला एका कंपनीची सर्व्हर रूम सांभाळते. मी फोनवर सगळं सांगितलं.

“सर, मी तेव्हाच तुम्हाला म्हटलं होतं, घड्याळ बघा.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, ठणठणीत आहे.”

“हो.”

“तेव्हा केबल घट्ट करून झाली होती?”

“झाली होती.”

“आकृती पाठवा,” ती म्हणाली. “माफीचं नंतर बघू.”

रेणुका ‘टेक्निकल इश्यू’ असा शेरा लिहिणार होती. मी माझं नाव लिहायला लावलं. ती रात्र नव्या सर्व्हरवर गेली, सुजाताच्या नावासह. आकृती तिला पोचली. फोन अजून आलेला नाही.

टाइम सर्व्हर बंद करून चालू केला, तर वेळ तपासावी आणि बंद केला होता हे सगळ्यांना सांगावं. या दोन्हींत सांगणं सोपं होतं. त्याला हत्यारं लागत नाहीत.