बुचाच्या कडेनं निसटणारा आवाज

“तुमच्या गळ्याला भोक पाडावं लागेल,” मिरजेचे डॉक्टर म्हणाले आणि मी हसलो. मला वाटलं, आपल्यापेक्षा मोठा थापाड्या शेवटी भेटला.

डॉक्टर हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी मला दवाखान्यात झोपवून ठेवलं होतं आणि खाटेशेजारी स्टुलावर बसून, हातात घड्याळ धरून माझं घोरणं ऐकलं होतं. घोरणं नव्हे, घोरण्याच्या मधली शांतता. “तासाभरात चाळीस वेळा तुमचा श्वास थांबला. एकदा इतका वेळ थांबला, की मीच उठून उभा राहिलो,” ते म्हणाले.

या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. नाव अलीकडचंच, डॉक्टरांनी ते परदेशातल्या मासिकात वाचलं होतं. स्लीप म्हणजे झोप, ॲप्निया म्हणजे श्वास बंद पडणं. झोपेत घशातलं मांस सैल पडतं आणि वाट बुजते. माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो, परत झोपतो, परत गुदमरतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपणाऱ्याला.

मी उंब्रजचा. तरुणपणी कुस्ती केली. पुढं कुस्ती सुटली, दूध सुटलं नाही, त्यामुळं मान म्हणून जी काही वस्तू असते ती माझ्याकडं उरली नाही; डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. पण माझा खरा धंदा आवाजाचा. जत्रेच्या मैदानात मधोमध उभं राहायचं आणि कुस्तीच्या जोडीचा पुकारा करायचा. कर्णा नको, काही नको. मी फलटणच्या मैदानात पैलवानाचं नाव घेतलं, की आटपाडीत त्याचा मामा ‘आलो, आलो’ म्हणत धोतर सावरायचा. यात मी थोडं कमीच सांगतोय.

पहिलं लक्षण मैदानातच दिसलं. शेवटची जोड लागलेली, दोघांनी हातात हात दिलेले, हलगी थांबलेली. नाव घ्यायला मी तोंड उघडलं आणि उघड्या तोंडानं उभ्याउभ्या झोपलो. लोक म्हणतात, दोन मिनिटं. मी म्हणतो, जागा झालो तेव्हा दोन्ही पैलवानांना दाढ्या आल्या होत्या. मैदान पोट धरून हसलं. मीही हसलो, आणि हसण्यावारी नेत पाच वर्षं काढली.

तुमच्यापैकी कुणी असं दिवसा बसल्या जागी झोपत असेल, सकाळी उठून डोकं धरत असेल, तर एवढं करा: घरच्या माणसाला विचारा. मी विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आमची हिराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “आवं डाक्टरसाहेब, ह्ये रोज राती मरत्यात. म्या ढोसलं की माघारी येत्यात. एखांद्या राती माझाच डोळा लागला तर वो?”

इतकी वर्षं मला वाटायचं, बाई उगीच ढोसते.

ऑपरेशनचं नाव ट्रॅकिओस्टॉमी. गळ्याच्या पुढच्या बाजूनं श्वासनळीला भोक पाडायचं आणि त्यात धातूची वाकडी नळी बसवायची. झोपताना नळी उघडी ठेवायची. वारा खालूनच आत-बाहेर करतो, वरची वाट बुजली तर बुजू दे. दिवसा नळीला बूच लावायचं. मग वारा वर चढतो आणि आवाज फुटतो. वजन उतरवलं तर कदाचित नळी सुटेल, असंही डॉक्टर म्हणाले. मी दूध सोडलं, भाकरी निम्मी केली. म्हशीचं वजन वाढलं, माझं जेमतेम चार किलो उतरलं.

पहिले आठ दिवस पाटीवर लिहून बोललो. घरी आलो आणि कैक वर्षांत पहिल्यांदा गप झोपलो. ती गप झोपच हिराबाईला सोसेना. तिनं सवयीनं माझ्या तोंडापुढं तळवा धरला. वारा नाही! तिनं असा हंबरडा फोडला, की भावकी टोप्या काढून दारात उभी. वारा आता गळ्यातून येतो हे तिला ठाऊक होतं. तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. मग ती गळ्यापुढं हात धरायला शिकली आणि महिन्याभरात हातही धरीनाशी झाली. झोपायला लागली.

माझं दुखणं तिथून पुढं दिवसा सुरू झालं. बोलायला लागलं, की बुचाच्या कडेनं, नळी आणि कातडी यांच्या फटीतून वारा निसटायचा. डॉक्टर म्हणाले, “मान जाड आहे, कातडी ओढली जाते, भोक सैल होतंय. लीक आहे.” लीक म्हणजे गळती. त्यांनी मोठी नळी घातली. दोन आठवडे बरे गेले; पुन्हा गळती. त्याहून मोठी नळी घालायला श्वासनळीत जागा नव्हती. जाळीच्या कापडाच्या घड्या लावल्या, त्या कफानं भिजून सुटायच्या.

मग मी माझी अक्कल चालवली. मेणबत्तीचं मेण लावून बघितलं. कणीक लावली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून गळ्यात अडकवला. डॉक्टरांनी तो बोटात धरून विचारलं, “तुम्ही माणूस आहात की पंक्चरचं दुकान?” कणकेनं जखम चिघळली आणि आठ दिवस इंजेक्शनं खावी लागली. यातलं काही करू नका. माझ्या अंगावर जे झालं, त्यात आणखी भर घालायची गरज नाही.

एका दमात चार शब्द निघायचे. पाचव्याला फुस्स. तेव्हा मला कळलं, की थापेला वारा लय लागतो. खरं असतं ते चार शब्दांत मावतं: भूक लागली, ऊस वाळला, सासू आली. थापेला वळणं घेत चढावं लागतं, आणि माझा वारा पहिल्या वळणावरच संपायचा. चावडीपुढं माणसं जमायची, मी सुरुवात करायचो, ती वाट बघत थांबायची. मग एकेक जण “जनावरं सोडायची हायती” म्हणून उठायचा. दिवेलागणीला कुणाची जनावरं सोडायची असतात?

म्हणून हे लिहितोय. कागद फुस्स करत नाही.

त्या साली जत्रेच्या पंचांनी दया येऊन मला एक जोड पुकारायला दिली. मी फेटा बांधला, कुस्तीच्या हौद्यात उभा राहिलो, गळ्यावर बोट दाबलं आणि होता नव्हता तेवढा वारा ओढून नाव घेतलं. पहिल्या रांगेतला म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “कोन कुजबुजतंय रं मधी?” पंच जवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर्जेराव, बसा गड्या. कर्णेवाला हाय.” कुणी हसलं नाही. मी झोपलो होतो तेव्हा सगळं मैदान हसलं होतं.

घरी येऊन सांगितलं, “नळी काढणार.” दोनच शब्द, वारा पुरला.

डॉक्टरांनी मागंच बजावलं होतं, “नळी काढली तर बहुतेक भोक मिटेल. आवाज पूर्वीसारखा होईल. झोपही पूर्वीसारखीच होईल. किती दिवस जगाल, मी सांगणार नाही. माझा सल्ला नाही, पण गळा तुमचा आहे.”

चार दिवसांनी आम्ही मिरजेच्या एस.टी.त बसलो. कराड सुटलं. मग हिराबाई खिडकीकडं बघत म्हणाली, “काढा. तुमचा जीव त्यात हाय, मला दिसतंय. म्या परत जागीन.”

“जमंल?” मी विचारलं.

“चार राती सवय करतीया. जमतंया.”

मी तिच्याकडं बघितलं. डोळे लाल होते. मला वाटलं होतं, रडली असेल.

दवाखान्यात गर्दी होती. चिठ्ठी देऊन बाकावर बसलो. तपासणीच्या खोलीत डॉक्टर, दारात कंपाउंडर. गळ्यात नळी असलेला पंचक्रोशीत मी एकटाच. माझ्यासारखं आणखी कुणी असतं तर विचारलं असतं, बाबा, तू कसा जगतोस? या दुखण्यात ते एक वाईट आहे, विचारायला माणूस नसतं. आशेचं काही तुम्हाला सांगावं, असंही आज हे लिहिताना माझ्याजवळ नाही. नळी तशीच राहणार, गळती तशीच राहणार. तिच्याशी भांडू नका, एवढं सांगतो. भांडून मला जखमेशिवाय काही मिळालं नाही.

बाजूला बघतो, तर हिराबाई झोपलेली. बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं, पायातली एक चप्पल सुटलेली. बाजूला पोर रडत होतं, समोर एक पाटील खोकत होता, तिला कशाचा पत्ता नव्हता. मी मोजत बसलो. श्वास आत, श्वास बाहेर. एकदाही थांबला नाही. मोजताना कंटाळा आला. मग मनात आलं, हिनं हे किती वर्षं केलं?

“सर्जेराव, उंब्रज!” कंपाउंडरनं नाव घेतलं. पुकारा काय फुसका होता. मी असतो तर मिरज जंक्शनची गाडी थांबली असती.

मी उठलो नाही.

“सर्जेराव हायत का?”

इतक्या वर्षांची सवय. नाव ऐकून ओ द्यायला तोंड आपोआप उघडलं. मी बूच उपसलं आणि मुठीत दाबून धरलं. सगळा वारा गळ्यातून गेला. आवाज आला नाही.

तिसऱ्यांदा नाव घेऊन कंपाउंडरनं चिठ्ठी तळाला सारली आणि पुढच्याला बोलावलं. आवाज गेला तो कायमचा, हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. हिराबाईचं डोकं माझ्याकडं कलायला लागलं, तसा मी जवळ सरकलो आणि खांदा लावला. परतीची एस.टी. चुकेपर्यंत हललो नाही.