जिजाबाई आणि अठरा महिन्यांचं जाळं

जिजाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९७४च्या थंडीत, सरकारी दवाखान्यात. माझ्या शाळेतल्या मुलांच्या लसीची यादी घेऊन मी गेलो होतो. खिडकीशी मासळीची टोपली घेऊन एक तरुण ढिवरबाई उभी होती, आणि कंपाउंडर तिला क्षयाच्या गोळ्या द्यायला तयार नव्हता.

"रोगी कुठं आहे? गोळ्या त्याच्याच हाती द्यायच्या असतात."

"थो तलावावर हाय, भाऊ. त्याले चार कोस चालवत आनू अन् इथंच झोपवू का तुमच्या खिडकीत?"

"आणि तूच गोळ्या खाल्ल्या तर?"

"मी काहून खाईन? गोड हायेत का?"

रांग हसली. कंपाउंडरही हसला आणि महिन्याच्या गोळ्या त्यानं तिच्या पदरात टाकल्या.

रोगी म्हणजे तिचा नवरा, गोमाजी. आजार जडल्यापासून तो तलावाकाठच्या झोपडीत राखणीला राहत असे. त्याचा थोरला भाऊ नत्थू याच रोगानं गेला होता. दोन महिन्यांत नत्थूचा खोकला थांबला, अंग भरलं, म्हणून त्यानं औषध सोडलं आणि वर्षाच्या आत तो संपला. ते सगळं जिजाबाईनं पाहिलं होतं. गोळ्या फुकट मिळत, पण त्या दीड वर्ष, एकही दिवस न चुकता घ्यायच्या होत्या. तलावावर तारीख-वार सांगणारं कोणी नव्हतं.

तिनं उपाय आपल्या धंद्यातूनच काढला. गोमाजीला पाण्यात उतरायची मनाई होती, हात मात्र रिकामे होते. रोज जेवणानंतर एक गोळी, आणि गोळी घेतली की नव्या जाळ्याची एकच ओळ विणायची. आठवडी बाजार करून ती झोपडीवर जाई, तेव्हा सात ओळी वाढलेल्या दिसायला हव्यात.

पाचव्या महिन्यात एकदा ती गेली. ओळी सात होत्या, डबीतल्या गोळ्याही सातच कमी. तरी ती जाळं मांडीवर घेऊन बसून राहिली. वेगवेगळ्या दिवशी विणलेल्या ओळी कधी सारख्या येत नाहीत, असं तिनं मला पुढे सांगितलं. एक दिवस हात घट्ट ओढतो, एक दिवस सैल. या साती ओळी एकसारख्या होत्या, एका बैठकीत विणलेल्या.

"हे कधी विनलं?"

"रोज."

"माह्या बापाचा जलम जाळे विनन्यात गेला. मले नोका शिकवू. गोळ्या कुठं हायेत?"

गोमाजीनं कुडाकडे पाहिलं. फटीत साती गोळ्या होत्या.

"मळमळते त्यानं," तो म्हणाला. "अन् आता खोकला तरी कुठं हाय मले?"

"तुमच्या भावाले बी नव्हता."

दुसऱ्या दिवशी ती त्याला चालवत दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी गोळी पोटभर जेवून झोपताना घ्यायला सांगितली आणि मळमळ कमी झाली. पण जिजाबाईचा भरवसा उडाला होता. टोपली नणंदेकडे, रुखमिणीकडे सोपवून ती स्वतःच झोपडीवर राहायला गेली. रोज गोळी, वर पाणी, मग, "आ करा."

"लेकरू हाय का मी?"

"लेकरानं आयकलं असतं!"

अठरा महिने पुरे झाल्यावर थुंकी तपासली. जंतू नव्हते.

मग त्याच कंपाउंडरनं आसपासच्या वस्त्यांतले रोगी तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. जाळं सगळ्यांना विणता येत नव्हतं, तेव्हा ती रोज दारात जाऊन उभी राही. १९८६पर्यंत नऊ जणांनी तिच्यासमोर पूर्ण औषध घेतलं. दहावा चौथ्या महिन्यात कामासाठी नागपूरला निघून गेला. त्याचं नाव निघालं की ती अजून चिडते.

जिजाबाई आता कोंढ्याला लेकीकडे राहते. गोमाजीही तिथंच आहे. त्याला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्यानं बोलते.