गाईचं दूध, थोडी साखर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही या एका गोष्टीला मी वळसा घालून जाते — जशी काही त्याला माहीतच नसणार! तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जिना चढता-उतरताना तुमचं तोंड मला बघावं लागणार नाही.

आधी खारींचं सांगते. ते सोपं आहे.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. तीन मजले, जुनं बांधकाम, मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून एक बदामाचं झाड. त्याच्या खालच्या फांदीला मी करवंटी टांगली होती आणि कामाला निघण्याआधी रोज तिच्यात खारींचं खाणं ठेवायचे. कच्चे शेंगदाणे, बिनमिठाचे. भिजवलेले चणे. पेरूची फोड, काकडीचा तुकडा. बाजूला पसरट मातीच्या भांड्यात पाणी. बस, एवढंच. लोक बिस्किटं टाकतात, चिवडा टाकतात, पाव टाकतात, आणि म्हणतात, बघा कशी आवडीनं खाते! आवडीनं खाणारच. पण मीठ, साखर, मैदा त्या एवढ्याशा पोटाला झेपत नाही.

मला हे कळायचं कारण — मी बावीस वर्षं एका जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होते, घाटकोपरला. झाडावरून पडलेली खारीची पिल्लं घेऊन लोक यायचे. डोळे न उघडलेली, अंगावर केस नाहीत, बोटाएवढी. आधी त्यांना ऊब द्यायची, गार अंगात काही घालायचं नाही. मग दूध. आणि दूध कुठलं? गाईचं नाही. म्हशीचं तर नाहीच. कुत्र्याच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती पातळ कालवून, कोमट करून, थेंबाथेंबानं. गाईच्या दुधानं पोट फुगतं, जुलाब लागतात, दोन-तीन दिवसांत पिल्लू संपतं. डॉक्टर येईल त्याला हे सांगायचे. डॉक्टर नसले की मी सांगायचे. शेकडो वेळा सांगितलं असेल.

हे एवढं लक्षात असू द्या. म्हणजे पुढे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल, आणि मला पळवाट राहणार नाही.

आता रजनी.

रजनी दुसऱ्या मजल्यावर राहते, मी तिसऱ्या. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आलो. एकमेकींच्या घरात न विचारता शिरायचो. मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी नवरा गावाला होता. रजनीच मला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेली, माझे कपडे तिनं धुतले. मग काही वर्षांनी नवराही गेला — गेला म्हणजे नालासोपाऱ्याला, दुसऱ्या बाईकडे. लोकांना तो गेला एवढंच दिसलं. पोटातलं गेलं, दोनदा गेलं, हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकट्या रजनीला माहीत होतं.

म्हणूनच — म्हणूनच ते तिनं बोलायला नको होतं.

ती सोसायटीची सेक्रेटरी झाली आणि बदलली. होतं असं, खुर्ची लहान असली तरी चढते. खारी गाड्यांच्या वायरी कुरतडतात अशी कुणीतरी तक्रार केली. नोटीसबोर्डावर माझ्या फ्लॅटचा नंबर लागला, ‘अस्वच्छता’ या शब्दाखाली. मी सभेत उभी राहिले. शांतपणे सांगत होते, मी काय घालते, किती घालते, उरलेलं कसं उचलते. पंचवीस-तीस माणसं असतील. आणि रजनी कागद चाळता चाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोटचं नसलं ना, की माणूस असं काहीबाही पोसत बसतं.”

दोघं-तिघं हसले.

मी खाली बसले. घरी आले, भात लावला, जेवले. रडले नाही. तुम्हाला वाटेल राग आला असेल. राग येतो आणि जातो हो. मी डूख धरला. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याशी पूर्वीसारखीच बोलू लागले — “काय गं, आज लवकर?” वगैरे. तिला वाटलं असेल, सुमन विसरली. मी भांडी घासताना तेच वाक्य मनात घोळवायचे, तिच्याच आवाजात. त्याची धार जाऊ नये म्हणून.

तीन महिने गेले. मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी निघाली. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर बदामाच्या जागी एक थोटूक. छाटणीच्या नावाखाली सगळ्या फांद्या बुंध्यापासून उतरवल्या होत्या. करवंटी कचऱ्याच्या ढिगात. मी तिथं उभी राहिले आणि वर रजनीच्या खिडकीकडे बघितलं. ती तिथं होती. आत सरकली.

मी घरी येऊन पाय धुतले असतील-नसतील, तेवढ्यात दारावर थाप पडली.

वसंतराव. रजनीचे मिस्टर. त्यांचं सांगायलाच हवं. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा, बोलणं जड. कांजूरमार्गहून एक मुलगी व्यायाम करून घ्यायला यायची. पण ते हात हलवायचा प्रयत्नच करत नाहीत, खिडकीशी बसून असतात, असं रजनी सगळ्यांना सांगायची. फार सज्जन माणूस. त्या सभेत ते नव्हते. आयुष्यात ते मला एक वाकडा शब्द बोलले असतील तर शपथ.

त्यांच्या डाव्या हातात माकडटोपी होती. टोपीत तीन पिल्लं.

“सुमन... फांदीबरोबर... पडली.” श्वास घेतला. “रजनीनं पाठवलंय. यांना... काय देऊ?”

रजनीनं पाठवलंय. ती स्वतः आली नव्हती. जिनं झाड उतरवलं तिला आता पिल्लांची कणव आली होती! मी टोपीत बघितलं. जिवंत होती, चांगली गुबगुबीत. वाचली असती. माझ्या कपाटात — ऐका — माझ्या कपाटात त्या पावडरीचा अर्धा डबा होता. ड्रॉपरही होते.

मध्ये किती वेळ गेला? जेवढा वेळ हे वाचायला लागला तेवढाच असेल. पण त्यात सगळं ठरलं. मला स्पष्ट दिसलं — ही तिच्या घरात मरणार. तिच्या हातात. मग कळेल तिला, हातात येऊन जाणं म्हणजे काय.

“गाईचं दूध,” मी म्हटलं. “पिशवीतलं चालेल. थोडी साखर घाला भावोजी, ताकद येते. दर दोन तासांनी. पोटभर पाजा.”

त्यांनी मान हलवली, दोनदा. दूध, साखर, दोन तास — पुटपुटत जिना उतरले. मी दार लावलं. आणि खरं सांगू? त्या दिवशी मला छान भूक लागली. कित्येक महिन्यांनी चवीनं जेवले.

मोबाईलवर शोधलं असतं तर त्यांना पाच मिनिटांत कळलं असतं. पण वरच्या मजल्यावर सुमन असताना कोण शोधतंय? लोकांचा माझ्यावर विश्वास होता. त्याचाच तर मी उपयोग केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. तीन मजले नाहीत, एकच मजला. पण त्यांना तो चढायला बराच वेळ लागायचा. वरून मला त्यांची काठी ऐकू येत होती. इथं मला दुसरी संधी मिळाली होती — आदल्या दिवशी रागाच्या भरात बोलले असेन म्हटलं, तरी रात्रभरात राग उतरला होता, आणि अजून वेळ होता. ते म्हणाले, “पोटं... फुगलीत गं.”

मी म्हटलं, “म्हणजे भरतायत. अंगी लागतंय.”

त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा — असो. मला बघवला नाही असं लिहिणार होते. खोटं आहे. मी बघितला, आणि दार लावलं.

पहिलं पिल्लू त्याच रात्री गेलं, दुसरं सकाळी. तिसरं दुपारपर्यंत तग धरून होतं. कामाची सुट्टी होती. मी घरातच होते, खालच्या आवाजांकडे कान लावून. रजनी एकदा मोठ्यानं “अहो, हे हलत नाही!” म्हणाली, तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी थांबली. पण उठले नाही.

तासाभरानं ती आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. या क्षणाची मी तीन महिने वाट बघितली होती. ती दारातच खाली बसली.

“तू सांगितलंस तस्संच केलं गं सुमन. एक पाळी चुकवली नाही.” मग म्हणाली, “तुला बोलले ना मी त्या दिवशी. सगळ्यांसमोर. त्याचंच हे. मला माफ कर.”

बघा, ती माफी मागत होती. मला हवं होतं ते सगळं माझ्या उंबऱ्यावर येऊन बसलं होतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले का?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हटलं, “असू दे गं. काहींच्या हातालाच यश नसतं.”

तिनं माझ्याकडे वर बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, “माझ्या हातानं नाही पाजलं गं. ह्यांनीच पाजलं. तिन्ही दिवस. पहिल्या दिवशी डाव्या हातानं टोपी धरली, आणि ड्रॉपर — उजव्या हातात घेतला. स्वतःहून. बोटं दाबता येत होती त्यांना! ती व्यायामवाली पोरगी रडायला लागली बघून. मी म्हटलं, पिल्लं जगली तर हा माणूसही उठेल.”

माझा हात तिच्या डोक्यावरच होता.

त्यानंतर वसंतरावांनी उजवा हात उचलला नाही. त्या मुलीनं खूप समजावलं. आठवड्याभरानं मी गेले होते भेटायला — हो, गेले होते, चिकू घेऊन. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा. म्हणाले, “कापतो ना... ड्रॉपर जास्त दाबला गेला असेल. माझ्यामुळे.” मी म्हटलं, “नाही हो भावोजी, तुमच्यामुळे नाही.” ते हसले. लोक समजूत काढताना बोलतात तसं वाटलं असेल त्यांना. एक वाक्य पुढे बोलले असते तर पुरलं असतं. मी चिकू कापून दिले.

पुढच्या वर्षी ते वारले. दुसरा झटका. त्याचा आणि पिल्लांचा संबंध नाही, मला माहीत आहे. पण ते ज्या समजुतीनं गेले ती मी दिलेली होती.

आणि रजनीवरचा राग? तुम्हाला वाटत असेल, तो तिथंच विरघळला. नाही. आजही कधी ते वाक्य कानात वाजतं — पोटचं नसलं ना — आणि आत काहीतरी म्हणतं, बरं केलंस. मग वसंतराव आठवतात. दोन्ही एकाच वेळी असतं. हे कसं, ते मला विचारू नका.

याला सात वर्षं झाली. रजनी आता एकटी, मी एकटी. सकाळचा चहा बहुतेक माझ्याकडेच होतो. ती मला बहीण म्हणते.

गेल्या फेब्रुवारीत पहिल्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू बाईला एसीच्या मागे खारीचं पिल्लू सापडलं. रजनीच तिला माझ्याकडे घेऊन आली — “हिला विचार, हिला सगळं कळतं.” मी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळली, पिल्लू त्यावर ठेवलं, पावडर कालवायला घेतली. ती बाई म्हणाली, “काकू, घरात गाईचं दूध आहे, ते देऊ?”

आणि बावीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली: “छे, गाईच्या दुधानं मरतं ते.”

रजनी मागे उभी होती.

पिल्लू जगलं. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडले. त्या सकाळी रजनी चहाला आली, कप हातात घेतला, आणि म्हणाली, “आम्हाला तर गाईचंच सांगितलं होतंस ना गं?”

आवाजात संशय नव्हता. नुसतं विचारत होती. सात वर्षांनी दार पुन्हा उघडं होतं, आणि या वेळी मला रागही आला नव्हता.

“तेव्हा माहीत नव्हतं गं कुणाला,” मी म्हटलं. “डॉक्टरसुद्धा तेच सांगायचे. हे सगळं नंतर कळलं.”

तिनं डोळे मिटले. मग मोठा श्वास सोडला. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती हसली. “म्हणजे ह्यांच्या हातानं नाही झालं ते! अगं, मला आधी सांगायचंस ना.” चहा तसाच टाकून उठली. म्हणाली, “थांब, ह्यांना सांगून येते.”

खाली जाऊन फोटोपुढे उभी राहून तिनं सांगितलं असेल — तुमची चूक नव्हती, माझी नव्हती, कुणाचीच नव्हती.

कुणाचीच नव्हती, हे खरं नाही. मला माहीत होतं.