नुसती हवा

चैत्रात कडुनिंबाचा मोहोर गळू लागला की त्याचा वास गोड म्हणावा की कडवट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या वासात थंड पितळेचा, जुन्या तेलाचा आणि माझ्या अपमानाचा वास मिसळलेला आहे, एवढं नक्की. भिंगारच्या आमच्या कबरस्तानात ईस्टरची उपासना उजाडण्याआधी भरते. पूर्वेला फिकट उजेड फुटला की गीताच्या आधी ट्रम्पेटचा एकटा सूर उठतो, दवानं ओल्या झालेल्या कबरींवरून पसरत जातो आणि मग मंडळी गाऊ लागते. फार वर्षांपूर्वी, मी कॉलेजात असताना, एका ईस्टरला तो सूर माझ्याकडे सोपवला होता, आणि तो उठलाच नाही.

छाती भरून घेतलेला श्वास नळीत शिरला आणि वाटेतच कुठेतरी फिसकटला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. पहिल्या रांगेत माझे दानियल मामा उभे होते. आईचे थोरले भाऊ, पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले, आमच्या चर्चच्या बँडचे सर्वेसर्वा. ते शांतपणे, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हवा हाय नुसती. सूर न्हाई." मंडळी हसली. पाळकसाहेबांनी हसू लपवायला बायबल तोंडापुढे धरलं. त्या सकाळपासून भिंगारात मी हवाबाई झाले.

ते वाद्य मला मामांनीच दिलेलं होतं. ईस्टरचा सूर त्यांनी आपल्या मुलासाठी राखला होता आणि मंडळीनं तो मला दिला, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. वाद्य झिजलेलं आहे हे त्यांना ठाऊक नसेल, असं आई मला समजावत राहिली. पण चर्चमागच्या झाडाखाली रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना शिकवताना मामा पहिल्याच दिवशी सांगत, "तोंड नंतर. आदी कान." मग बटण न दाबता ट्रम्पेटच्या अंगावरची एक छोटी नळी ते हलकेच ओढून बाहेर काढत आणि ती सुटताना आतून 'टप्प' असा नेमका आवाज येई. "टप्प वाजलं तर जितं हाय. न्हाई वाजलं तर आतून गळतंय, तुमी कितीबी फुका." ज्या माणसानं आयुष्यात कुठलंही वाद्य टप्प ऐकल्याशिवाय हातात धरलं नाही, त्यानं मला मुकं वाद्य दिलं. त्याला ठाऊक होतं. माझं नाव करुणा आहे, पण या एका बाबतीत मी नावाला जागले नाही आणि जागायची इच्छाही नाही.

पुढे नोकरी लागली, श्रीगोंद्याच्या शाळेत वर्ग आणि वह्यांमध्ये दिवस जाऊ लागले. राग मात्र मी नीट सांभाळला, लोणच्यासारखा, अधूनमधून बरणी हलवत. मामांच्या मुलानं ट्रम्पेट सोडून पुण्याला संसार थाटला, भिंगारच्या नव्या पाळकांनी ईस्टरच्या सुरासाठी मंडळीत कोणी आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मी आधी हात वर केला आणि मग वाद्य शोधायला निघाले.

नगरच्या जुन्या बाजारात, लग्नाच्या बँडवाल्यांच्या पाट्या जिथे एकीला एक खेटून लागल्या आहेत, तिथे सलीमभाईंचं वाद्यांचं दुकान आहे. त्यांनी अदबीनं विचारलं, "कसा हवा, मॅडम?" आणि त्या साध्या प्रश्नानं माझे कान तापले. आपल्या भाषेनं वाऱ्याला आणि इच्छेला एकच शब्द का द्यावा? हवा म्हणून हिणवली गेलेली मी तिथे उभी राहून म्हणत होते, मला ट्रम्पेट हवा.

त्यांनी सोन्यासारखा झळकणारा एक काढून दिला. "वरातीत लई उठून दिसतो." मी नळी ओढली. टप्प वाजलं नाही. दुसऱ्याची बटणं दाबल्यावर रेंगाळत वर येत होती. तिसऱ्याच्या शेवटच्या नळीला बोट अडकवायची कडीच नव्हती. खालचे काही सूर जन्मतः किंचित चढे असतात, ते वाजतानाच नळी सरकवून उतरवावे लागतात, आणि कडीशिवाय ते जमत नाही. चौथा कोपऱ्यात पडला होता, अंगावरची चकाकी जागोजागी उडालेली, पितळ तांब्याच्या रंगाकडे झुकलेलं. त्याच्या रुंद तोंडावर नखानं टिचकी मारली तर नाद बराच वेळ रेंगाळला. पातळ, एकाच पत्र्यातून ठोकून काढलेल्या तोंडालाच असा नाद असतो. बटणं निमूटपणे खाली गेली आणि तत्परतेनं वर आली. मग नळी ओढली. टप्प.

सलीमभाई हसून म्हणाले, "कुनाकडं शिकलात? पारख तालमीतली वाटते." मी नळी परत बसवली. माझा हात ज्या क्रमानं त्या वाद्यावरून फिरला होता, टिचकी, बटणं, नळी, तो क्रम मामांचा होता; नखाचा कोन मामांचा होता, ऐकताना मान डावीकडे कलंडते तीसुद्धा त्यांचीच. ज्या माणसाचा सूड घ्यायला हत्यार निवडायचं, त्याच्याच डोळ्यांनी ते निवडावं लागावं, याचा मला इतका संताप आला की ट्रम्पेट बांधून घेताना मी सलीमभाईंशी धड बोललेही नाही.

श्रीगोंद्याला घराला लागून उसाचं रान आहे. तोड होऊन गेली होती, पाचट जळाल्याचा वास आणि कारखान्याकडून येणारा मळीचा जड दर्प संध्याकाळच्या उजेडात तरंगत असे, आणि त्या उघड्या रानात मी रोज फुंकत असे. शेजारच्या लक्ष्मीबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोंग्यापायी आमची म्हस पान्हा चोरती." मी रानाच्या पार पलीकडच्या बांधावर गेले, पण थांबले नाही. प्रत्येक श्वासाला मला मामांचा पडलेला चेहरा दिसे, आणि खरं सांगते, त्यानं फार बरं वाटे.

या ईस्टरला सूर उठला. भरीव आणि स्वच्छ, कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे गेला, निंबावरचे पक्षी उडाले. कोणी हसलं नाही. मामा पहिल्या रांगेतच होते, आता खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. उपासना संपल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी ट्रम्पेट दिला. त्यांनी नखानं टिचकी मारली, मान डावीकडे कलंडली, बटणं दाबून पाहिली, नळी ओढली. टप्प. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे ते आपल्या मुलाकडे पाहत असतानाही मला कधी दिसलं नव्हतं.

"जितं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "कुनी निवडून दिलं गं, करुणे?"

'तुम्ही' हा शब्द ओठांशी आला होता. तो ऐकायला म्हातारा किती आतुरला आहे, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"कोणी नाही. मीच," मी म्हणाले.

ते मान हलवून शालीशी चाळा करत राहिले. माफी त्यांनी मागितली नाही, मलाही ती नको होती. मी श्रीगोंद्याला परत आले आणि संध्याकाळी बांधावर उभी राहून, तेल घालण्यासाठी ती नळी ओढली. टप्प वाजलं. मान आपोआप डावीकडे कलंडली होती. मी ती सरळ केली, नळी बसवली आणि पुन्हा ओढून पाहिली.