विणकाम खात्यातला तो माणूस

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या बौद्ध घरात अंगारा-गंडा कधी आला नाही, आणि कॉलेजात मैत्रिणी असल्या गोष्टी रंगवायच्या तेव्हा मी मधेच फिदीफिदी हसून विचका करायचे. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही...

आमचे अण्णा, म्हणजे वडील, नांदेडच्या कापड गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कामगार हाताच्या खुणांनी बोलायचे. अण्णा घरीही तसेच – चहा आण, गप्प बस, मागे हो – सगळं डाव्या हाताने, कारण गिरणीत उजवा कायम मागावर. पुढे गिरणी बंद पडली, त्यात दुष्काळ. लातूर तेव्हा नवाच जिल्हा झाला होता, डाळमिली निघत होत्या. अण्णा आम्हाला घेऊन तिकडे गेले, आणि नांदेडला परत कधी पाय ठेवला नाही.

मी मात्र नोकरीसाठी परत आले. हल्ली त्या गिरणीच्या शेडमध्ये जरा जीव आलाय. एका भागात डाळमिल, एकात शिलाईचं युनिट, आणि जुन्या विणकाम खात्यात सोयाबीनचं गोदाम. तिथला माल तपासणं हे माझं काम.

त्या दुपारी मी पार मागच्या थप्पीशी पोत्यांतून नमुने काढत होते. मालाला कीड लागली होती, म्हणून हमालांनी विषारी धुरीच्या गोळ्या ठेवल्या आणि आत कुणी नाही असं समजून शटर ओढलं. माझा मोबाईल बाहेर चार्जिंगला. मी शटर बडवलं, घसा फोडला – शेजारी डाळमिल चालू, कोण ऐकणार? हळूहळू लसणासारखा वास यायला लागला. त्याचा अर्थ मला चांगलाच ठाऊक होता – गोळ्यांतून विषारी गॅस सुटला होता. लेक शाळेतून येईल आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे, एवढंच सुचत होतं.

तेवढ्यात थप्पीजवळ एक माणूस दिसला. अंगात बनियन, भुवयांवर कापसाचे तंतू. वाटलं, हमालच अडकलाय. मी ओरडले, "अहो, दुसरं दार कुठंय?" त्याने डाव्या हाताने खूण केली – शटर सोड, मागे जा. मी हलले नाही तसा चिडून पुन्हा केली. मी गेले. शेवटच्या थप्पीमागे जेमतेम अंग जाईल एवढी फट होती आणि तिच्या टोकाला फळ्या ठोकलेली खिडकी. फळ्या कुजलेल्या. लाथा घालून फोडल्या आणि बाहेर बाभळीत पडले.

मुखेडचा एक हमाल धावत आला. आत माणूस आहे, असं मी सांगितलं. शटर उघडलं, वारं खेळू दिलं, कोपरा न् कोपरा पाहिला. कुणी नव्हतं.

"आमी समदे भाईरच हाव की म्याडम," तो म्हणाला. "अन् हितं खिडकी हाय, हे आमालाच ठावं न्हवतं."

गॅसमुळे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. होत असतील. पण भासाला खिडकी कशी माहीत?

रविवारी लातूरला जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. कोण असेल तो, असं मी दोनदा विचारलं. मग एवढंच म्हणाले, "तू निघालीस, बेस झालं. अन् त्यो? त्यो ह्या येळी तरी निघाला का भाईर?"

खिडकीतून पडल्यावर मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. अण्णांना काय सांगायचं, ते मला अजूनही कळलेलं नाही.