बिनशिटीचा कुकर

भाताला इतका भिणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. नाचणगावचे माझे साडू वांगी-मेथी पिकवत आणि पुलगावच्या बाजारात विकत. बांधावर साप दिसला तर "जाऊ द्या, कामावर निघाला असंन" म्हणून बाजूला होणारा हा गृहस्थ भात लावायचा म्हटला की आधी पायांत रबरी चपला चढवायचा. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, गेली; पाठोपाठ रक्तात साखर निघाली. नागपूरच्या लेकीने बिनपालिशचा तांदूळ आणि विजेचा कुकर आणून दिला आणि बजावलं, "बाबा, एकटे राहता तर राहा. पण स्वयंपाकघरात काही बिघडलं, तर त्याच दिवशी नागपूरला यायचं." घर आणि वाफे सुटण्याची ही भीती त्यांनी सगळी त्या कुकरमध्ये ओतली.

तांदूळ तास-दोन तास भिजल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत. भांड्याचं बूड पंचाने इतकं पुसत, की बघणाऱ्याला वाटावं बाळाला न्हाऊ घातलंय. पांढऱ्यापेक्षा या तांदळाला पाणी जास्त लागतं आणि तो फेसाळतोही जास्त, म्हणून भांडं निम्म्याच्या वर कधी भरायचं नाही. कुकर भिंतीपासून हातभर दूर. झाकणाच्या भोकातून वाफ निघू लागली की समोर स्टूल टाकून बसायचे. दार वाजलं तर आतूनच ओरडायचे, "थांबा, भात होऊन राह्यला!" बटण टक् करून वर आलं तरी झाकण लगेच उघडत नसत. उरलेला भात ताटात पसरून, वाफ जिरली की थेट फ्रीजमध्ये. माझ्या बायकोने एकदा तो सकाळच्या फोडणीसाठी ओट्यावरच झाकून ठेवला, तर म्हणाले, "अक्का, भात बाहेर राह्यला का बिघडते. मले फोडणी पाहिजे, दवाखाना नाई." मी ही गोष्ट गावभर नकला करून सांगितली आणि लोक पोट धरून हसले.

मेहुणीच्या वर्षश्राद्धाला लेक सासरच्या मंडळींना घेऊन आली. साडू केळीची पानं आणायला शेतात गेले आणि जाताना मला म्हणाले, "साडभाऊ, कुकरले हात लावजा नोका. मी आलो का लावतो." पण पाहुणे ओसरीवर ताटकळलेले, आणि मेहुणीच्या माहेरचा थोरला जावई मी. त्यांनी भिजत घातलेल्या तांदळात आणखी तांदूळ ओतला, पाण्याने भांडं काठोकाठ भरलं आणि बटण दाबलं. आमच्याकडे कुकर म्हणजे शिट्या. तीन झाल्या की भात झाला, एवढंच माझं ज्ञान. बराच वेळ झाला तरी शिटी होईना. भोकातून वाफ मात्र भसाभसा निघत होती. वाफ सुटते म्हणूनच शिटी धरत नाही, असं मी ठरवलं आणि भोकावर पाट्यावरचा वरवंटा ठेवून दिला.

फेस झाकणाखालून उसळला, बाजूने ओघळून थेट प्लगमध्ये गेला. बोर्ड फाटकन उडाला, वायर पेटली, खिडकीच्या पडद्याने भडका घेतला. साडू नेमके तेव्हाच दारात पोचले. पानं टाकून त्यांनी मेन स्विच पाडला, पडदा ओढून पायाखाली विझवला आणि वरवंटा उचलून गुपचूप पाट्यामागे ठेवला. माझ्याकडे एकदाच पाहिलं. धुरात खोकत लेक आत आली, मागे तिचे सासरे. "काय झालं?" मी तोंड उघडणार, एवढ्यात साडू म्हणाले, "मीच लावून गेलतो न शेतात. ध्यानातच नाई राह्यलं." मी त्यांना मोरीपाशी गाठलं, तर दबक्या आवाजात म्हणाले, "चूप राहा. थोरले जावई तुम्ही. पोरीच्या सासऱ्यापुढं तुमचं नाव घिऊ का?"

मी चूप राहिलो. त्याच संध्याकाळी लेकीने त्यांची पिशवी भरली.

शेत आता मक्त्याने दिलंय. नागपूरच्या घरात त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. दिवसभर गॅलरीत बसून असतात आणि एकेक गोष्ट विसरत चाललेत: आधी वाफे, मग बाजाराचा वार, मग मेहुणी गेल्याचंसुद्धा. त्यांची नक्कल करायला मला कुणी सांगत नाही. सांगितली तरी जमायची नाही.

गेल्या महिन्यात मी गेलो आणि लेक आणि साडू, दोघांसमोर सगळं सांगितलं. काठोकाठ भरलेलं भांडं, वरवंटा, सगळं. लेकीचे डोळे भरून आले. "मावसाजी," ती म्हणाली, "किती सांभाळून घेता हो बाबांना." मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि समजूत घालावी तसे म्हणाले, "खोटं काऊन बोलता, साडभाऊ? माह्याच हातानं जळलं न ते घर."